मेमार सिनान : शहराला नियम लावणारे आणि नियमापुढे उभे राहिलेले

वर्गात इतिहास शिकवताना आम्हाला एक अनुभव दर वर्षी येतो. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीचं चित्र दाखवलं की मुलं गप्प होतात. एवढा मोठा घुमट, भोवती छोट्या घुमटांची रांग, चार उंच मिनार. ही मशीद कोणाची असं विचारलं तर एखादा हुशार मुलगा सुलतान सुलेमान यांचं नाव सांगतो. पण बांधली कोणी, हे विचारलं की वर्ग पुन्हा गप्प.

बांधणाऱ्याचं नाव सिनान. उर्दूत मेमार म्हणतो तोच शब्द त्यांच्या नावापुढे कायमचा लागला, मेमार सिनान. त्यांच्या मशिदी, पूल, हमाम, मदरसे यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आज आम्हाला त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू सांगायची आहे, जी कमी सांगितली जाते. सिनान जवळजवळ 50 वर्षं एका सरकारी पदावर होते. घर किती उंच बांधायचं, छज्जा रस्त्यावर किती यायचा, वीट कोणत्या मापाची, पाण्याच्या नळाला कोणी हात लावायचा नाही, या सगळ्यावर नजर ठेवणं हे त्या पदाचं काम होतं. आज महापालिकेचा नगररचना विभाग, पाणीपुरवठा खातं आणि अग्निशमन दल मिळून जे करतात, त्यातलं बरंचसं त्या एका पदाकडे होतं.

खेड्यातला मुलगा, फौजेतला सुतार

सिनान यांचा जन्म 1490 च्या सुमाराचा. अनातोलियातल्या कैसरी शहराजवळ अगरनास नावाचं गाव आहे, तिथला. घर ख्रिस्ती होतं. त्या काळी उस्मानी सल्तनत ख्रिस्ती घरांतली मुलं फौजेसाठी आणि दरबारासाठी घेऊन जायची. घरच्यांची इच्छा विचारली जायची नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. सुलतान सलीम पहिले यांच्या काळात, 1512 च्या आसपास, सिनान यांना असंच आणलं गेलं. त्यांनी इस्लाम स्वीकारला, सुतारकाम शिकले आणि जानिसारी फौजेत दाखल झाले.

पुढची पंचवीसेक वर्षं लढायांत गेली. 1521 ची बेलग्रेडची मोहीम, 1522 ची रोड्सची, 1526 ची मोहाचची, मग इराण आणि बगदादकडची. वान सरोवरावर फौजेला होड्या हव्या होत्या, त्या त्यांनी बांधून दिल्या. 1538 च्या मोल्डाव्हियाच्या मोहिमेत प्रुत नदी आडवी आली. दलदलीची जमीन, पूल टिकत नव्हता. सिनान यांनी अवघ्या काही दिवसांत पूल उभा केला. फौजेबरोबर फिरताना त्यांनी किल्ले पाहिले, जुन्या रोमन इमारती पाहिल्या, कुठली भिंत का पडली आणि कुठली का उभी राहिली हे जवळून पाहिलं. त्यांची खरी शाळा तीच.

त्याच सुमारास जुने शाही मेमार वारले आणि ती जागा सिनान यांना मिळाली. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. माणसं ज्या वयात निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतात, त्या वयात त्यांच्या खऱ्या कामाची सुरुवात झाली.

सर-मेमारचं काम काय होतं

शाही सर-मेमार म्हणजे फक्त नकाशे काढणारा माणूस नव्हता. त्यांच्या हाताखाली मेमारांचं एक पूर्ण खातं होतं. शहराचे काजी निवाडा द्यायचे आणि सर-मेमार तांत्रिक बाजू बघायचे. पाण्याच्या व्यवस्थेसाठी वेगळा अधिकारी असायचा, तोही याच साखळीत. दरबारातून जो हुकूम निघायचा तो बहुतेक वेळा काजी आणि सर-मेमार यांच्या नावाने निघायचा. एकाने कायदा बघायचा, दुसऱ्याने जागेवर जाऊन मोजमाप घ्यायचं.

विटांचं, कौलांचं, लाकडाचं माप ठरलेलं असायचं. भट्टीवाला पैसे पूर्ण घेऊन वीट लहान द्यायचा, हा धंदा तेव्हाही चालायचा. कारागिरांची मजुरी ठरवलेली असायची. काम न शिकलेली माणसं स्वतःला मिस्त्री म्हणवून घरं बांधतात, चुली आणि धुराडी चुकीची बसवतात आणि मग आगी लागतात, हीसुद्धा त्या काळची मोठी तक्रार होती.

ही शिस्त उस्मानी दरबाराने शून्यातून तयार केली नव्हती. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात जागा सोडा, अशी शिकवण आपल्या नबी करीम (सल्ल.) यांच्या हदीसमध्ये आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात कुफा शहर वसवलं गेलं, तेव्हा मुख्य रस्ते 40 हात, त्याखालचे 30 आणि 20 हात, आणि गल्ल्या 7 हात ठेवल्या गेल्या, असं इतिहासकार तबरी यांनी नोंदवलं आहे. तिथली पहिली घरं बोरूची होती, ती जळाली. मग विटांची परवानगी मागितली गेली. हजरत उमर (रजि.) यांनी ती दिली, पण घरात तीनपेक्षा जास्त खोल्या नकोत आणि उंचीची चढाओढ नको, अशी अट घातली. शेजाऱ्याचं नुकसान होईल असं काही करायचं नाही, हा फिकहमधला पाया. सिनान यांच्या काळातले काजी त्याच पायावर निवाडे द्यायचे.

आग, आणि पुन्हा पुन्हा निघणारे हुकूम

इस्तंबूलची मोठी अडचण अशी की ते शहर भूकंपाच्या पट्ट्यात आहे. 1509 मध्ये तिथे एवढा भयानक भूकंप झाला की लोकांनी त्याला छोटी कयामत म्हटलं. लाकडी घर भूकंपात तग धरतं. लाकूड स्वस्त, बांधायला सोपं. पण लाकडाला आग लागते, आणि घराला घर चिकटलेलं असेल तर एक चूल अख्खा मोहल्ला खाते. 1569 मध्ये शहरात अशीच फार मोठी आग लागली.

त्यावरचे नियम वाचले तर आजचेच वाटतील. घर दोन मजल्यांपेक्षा उंच नको. छज्जे आणि पुढे आलेल्या खोल्या गल्लीवर नकोत, कारण समोरासमोरचे छज्जे भेटले की आगीला पूल मिळतो. दुकानांचे लाकडी पडवे काढा. शक्य तिथे दगड-विटांचं बांधकाम करा. शहराच्या तटबंदीला चिकटून घरं बांधू नका. 1570 च्या दशकात आणखी हुकूम आला, प्रत्येक घरात छपरापर्यंत पोचणारी शिडी आणि पाण्याने भरलेलं मोठं पिंप असलंच पाहिजे. आग लागली तर पळून जायचं नाही, फौजेची माणसं येईपर्यंत शेजाऱ्यांनी मिळून विझवायचा प्रयत्न करायचा.

हे हुकूम पाळले गेले का? एका शिक्षकाला याचं उत्तर पटकन कळतं. वर्गात एकच सूचना पाच वेळा द्यावी लागली, तर समजायचं की पहिल्या चार वेळा कोणी ऐकली नव्हती. इस्तंबूलमध्ये तेच झालं. त्याच त्या गोष्टींचे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले. छज्जा पाडला की काही दिवसांनी दुसरा उभा. आग लागली की लोक पुन्हा लाकडाचंच घर बांधायचे.

यात सगळे लोक बेशिस्त होते असं आम्ही म्हणणार नाही. दगडाचं घर गरिबाला परवडत नव्हतं. शहरात रोज माणसं येत होती, जागा तेवढीच होती. ज्याच्याकडे दोन खोल्यांची जागा आणि आठ माणसं, तो छज्जा पुढे काढणारच. आगीचा धोका खरा आणि त्या माणसाची गरजही तितकीच खरी. नियम राबवणाऱ्या प्रत्येकाला या दोन्हींच्या मधे उभं राहावं लागतं, आणि सिनान अर्धं शतक तिथेच उभे होते.

आयासोफियाच्या भिंतीला चिकटलेली घरं

1573 चा प्रसंग विशेष आहे. आयासोफिया तेव्हा शहराची मोठी मशीद होती आणि इमारत एक हजार वर्षांहून जुनी झाली होती. तिच्या आधारभिंतींना चिकटून, काही ठिकाणी तर त्यांच्यात घुसून, लोकांनी घरं बांधली होती. भिंती पोखरल्या गेल्या होत्या आणि इमारत एका बाजूला झुकायला लागली होती. सुलतान सलीम दुसरे यांनी स्वतः जागेवर येऊन पाहणी केली आणि सिनान त्यांच्यासोबत होते.

पाहणीनंतर हुकूम निघाला. मशिदीच्या दोन्ही बाजूंना 35 हात जागा मोकळी करायची, अतिक्रमणं पाडायची आणि आधारभिंती मजबूत करायच्या. तिथे राहणाऱ्यांनी विरोध केला. वर्षानुवर्षं राहणाऱ्याला घर सोडा म्हटलं की तो विरोध करणारच. पण हे काम करावंच लागलं. सिनान यांनी तिथे डागडुजी आणि भिंतींचं मजबुतीकरण सुरू केलं, ते पुढच्या सुलतानांच्या काळात पूर्ण झालं. आज ती इमारत उभी आहे, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

या प्रसंगात आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाडायचं ठरवण्याआधी जाणकार माणूस जागेवर गेला, भिंतीला हात लावून पाहिला, मोजमाप झालं, कारण नोंदवलं गेलं आणि मग हुकूम निघाला. त्या घरांतल्या माणसांचं दुःख यामुळे कमी होत नाही. पण पाडकामामागचं कारण कोणालाही डोळ्यांनी दिसत होतं.

पाणी : सगळ्यांचं, म्हणून कोणाचंच नाही

सिनान यांच्या कामांत मशिदींइतकंच मोठं काम पाण्याचं आहे. सुलतान सुलेमान यांच्या हुकमाने 1554 च्या सुमारास किर्कचेश्मे, म्हणजे चाळीस झरे, या नावाची योजना सुरू झाली. शहराच्या उत्तरेकडच्या जंगलातून, डोंगर-दऱ्या ओलांडून, उतारावरून पाणी आणायचं होतं. दऱ्यांवर कमानींचे उंच पूल बांधून त्यावरून पाण्याचे पाट नेले. त्यातला मागलोवाचा पूल सुमारे 36 मीटर उंच आहे आणि आजही उभा आहे. 1563 मध्ये मोठा पूर आला, बांधलेलं बरंच वाहून गेलं. सिनान तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं आणि पुढच्या वर्षापर्यंत पाणी शहरात आणलं.

हे पाणी मोहल्ल्यांतल्या सार्वजनिक चेश्म्यांसाठी होतं. गरीब बाईने घडा भरावा, मुसाफिराने तहान भागवावी, नमाजीने वजू करावा. म्हणून मधल्या वाटेवर कोणी फोडून पाणी घ्यायचं नाही, पाटाच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या अंतरात घर बांधायचं नाही आणि झाड लावायचं नाही, कारण मुळं पाटात शिरतात. तरीही चोऱ्या व्हायच्या. बागवाले रात्री पाट फोडायचे. वजनदार लोक आपल्या वाड्यात, हमामात छुपा नळ घ्यायचे. त्यांना पकडण्याचे, नळ तोडण्याचे हुकूम वारंवार निघाले, आणि ती कामं सिनान यांच्याच खात्याकडे यायची.

मेमारांवरच आरोप

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला बसलो.

सुलतान मुराद तिसरे गादीवर होते. सिनान 80 वर्षांच्या पुढे गेले होते. सुलेमानिया बांधून झाली होती, एदिर्नेची सलीमिया मशीद 1575 च्या सुमारास पूर्ण झाली होती, जिला ते स्वतः आपलं सर्वांत मोठं काम मानायचे. अशा माणसावर तक्रार गेली की त्यांनी आपल्या घरासाठी सार्वजनिक पाण्यातून परवानगीबाहेर पाणी घेतलं आहे. तक्रार कचऱ्यात टाकली गेली नाही. चौकशीचा हुकूम निघाला.

लोकांमध्ये या प्रसंगाची एक गोष्ट सांगितली जाते. सुलतान सुलेमान यांनी खूश होऊन सिनान यांना घरी पाणी घ्यायची परवानगी दिली होती, पण ती तोंडी होती. सिनान यांनी लाजेने म्हणा किंवा भरवशाने म्हणा, लेखी फर्मान मागितलंच नाही. सुलतान वारले आणि परवानगीचा साक्षीदारही गेला. जाब विचारला तेव्हा दाखवायला कागद नव्हता. ही गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली, यावर आम्ही पैज लावणार नाही. पण आरोप झाला आणि चौकशी लागली, एवढं इतिहासात आहे.

विचार करा. ज्यांनी अख्ख्या शहराला पाणी आणून दिलं, त्यांनाच एका नळाचा हिशेब द्यावा लागला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला वाईट वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाची ही अवहेलना कशासाठी? नंतर वाटलं की यात अवहेलना नाही. सिनान यांच्याच खात्याने बागवाल्याचा नळ तोडला होता, वाड्यातला छुपा पाइप उखडला होता. त्या बागवाल्याला आज दिसलं की हाच प्रश्न सर-मेमारांनाही विचारला जातो. नियमावर लोकांचा विश्वास बसतो तो अशाच वेळी.

चौकशीनंतरही सिनान पदावर राहिले. 1588 मध्ये ते वारले तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होतं आणि मुख्य मेमार तेच होते. त्यांच्या नावावरच्या यादीत 400 हून जास्त बांधकामं आहेत. शेवटच्या काळात त्यांनी आपल्या आयुष्याची हकिकत कवी साई मुस्तफा चलेबी यांच्याकडून लिहून घेतली. आपली मिळकत त्यांनी वक्फ केली आणि त्याचा वक्फनामा रीतसर लिहून ठेवला. सुलेमानियाच्या कुंपणाबाहेर, गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांची छोटीशी कबर आहे. शेजारी पाण्याचा चेश्मा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

सुलेमानिया बांधताना रोजच्या हजेरीच्या आणि मजुरीच्या वह्या ठेवल्या गेल्या होत्या. त्या आजही वाचता येतात. कारागिरांतले जवळजवळ निम्मे ख्रिस्ती होते, हे आपल्याला त्या वह्यांमुळेच कळतं. कोणी किती दिवस काम केलं, किती पैसे मिळाले, सगळं आहे. साडेचारशे वर्षांनंतरही तो कागद बोलतो.

आपल्या दारात

आता इस्तंबूलहून आपल्या मोहल्ल्यात येऊ. नोटीस आली की आपल्याकडे काय होतं, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिलं आहे. आधी घबराट, मग ट्रंक उघडायची धावपळ. घरपट्टीच्या पावत्या सापडतात, बांधकाम परवानगी सापडत नाही. मालमत्ता पत्रकावर अजून दादाजींचंच नाव असतं. मशिदीची किंवा कब्रस्तानची जागा कोणी बुजुर्गांनी अल्लाहच्या वास्ते तोंडी देऊन टाकलेली असते. देणारे गेले, साक्षीदार गेले. सिनान यांच्या गोष्टीतली अडचण आणि आपली अडचण यात फार अंतर नाही.

कायद्याने आपल्याला काही हक्क दिले आहेत, ते माहीत असावेत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आधी नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करता येणार नाही, नोटीस मिळाल्यापासून किमान 15 दिवस द्यायचे, म्हणणं ऐकून घ्यायचं आणि आदेशात कारणं लिहायची. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येणार नाही. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. म्हणून नोटीस आली तर ती नीट वाचा, तारीख बघा, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

आणि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघू. आपल्याच गल्लीत ओटा रस्त्यावर किती आला आहे? दुकानाचं शेड पुढे आल्यामुळे अग्निशमनची गाडी आत शिरेल का? शेजाऱ्याचा उजेड आपल्या भिंतीने अडवला आहे का? रस्त्यावरची त्रासदायक वस्तू बाजूला करणं हे ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. कायदा आपल्यावर अन्याय करतो तेव्हा बोलायचा हक्क आपल्याला आहेच, आणि आपली गल्ली मोकळी असेल तर त्या बोलण्याला वजन येतं. ज्यांचे मोठे बंगले आणि इमारती नियम मोडून उभ्या आहेत त्यांनाही हाच प्रश्न विचारा, असं मग आपण ताठ मानेने म्हणू शकतो.

येत्या रविवारी एक काम करा. घरातली ट्रंक उघडा, मुलांना जवळ बसवा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या, यांतलं काय आहे आणि काय नाही याची यादी मुलांनाच लिहू द्या. मोहल्ल्याच्या मशिदीच्या विश्वस्तांनाही हाच प्रश्न अदबीने विचारा. यादी करता करता मुलांना सिनान यांची गोष्ट सांगा. पुढच्या वेळी सुलेमानियाचं चित्र दिसलं की ती बांधणाऱ्याचं नावही सांगतील.